अर्धी डिग्री घेऊन परदेशात: ट्रान्सफर, व्हिसा आणि तुमचे किस्से

काठावरची

परवा भाचीचा फोन. "मावशी, तू दुसऱ्या वर्षानंतर विद्यापीठ बदलून बाहेर गेली होतीस ना? तेव्हा काय काय लागलं होतं गं?" माळ्यावरून जुनी निळी फाईल काढली. सगळ्यात वर एकेका विषयाच्या अभ्यासक्रमाच्या झेरॉक्स. प्रत्येक पानावर शिक्का आणि काहींवर शिक्क्यावर शिक्का, कारण पहिला उमटलाच नव्हता.

मला वाटायचं, मार्क चांगले आहेत म्हणजे झालं. नव्या विद्यापीठाला हवं होतं वेगळंच. 'गणित २' मध्ये नेमकं काय शिकवलं, किती तास, कुठलं पुस्तक? गुणपत्रिकेवर तर नुसतं 'गणित २'. अमेरिकेत पदवीला साधारण १२० क्रेडिट लागतात, तेव्हा माझ्या दोन वर्षांचे ६० तरी धरतील असा माझा हिशोब. उत्तर आलं ३८. अडतीस! एक रात्र रडण्यात गेली. मग एकेका सरांना गाठून सविस्तर अभ्यासक्रम मागायला लागले. एक सर निवृत्त झालेले. त्यांनी वहीच्या पानांवर स्वतःच्या अक्षरात आठवड्याप्रमाणे काय शिकवलं ते लिहून दिलं. आठव्या आठवड्यापुढे लिहिलं होतं 'तास झाले नाहीत, संप'. इंग्रजी करताना मी तेही ठेवलं. शेवटी ५१ धरले. उरलेल्या ९ पायी तीन विषय पुन्हा शिकले. आणि हो, क्रेडिट तिकडे जातात, ग्रेड जात नाहीत. दोन वर्षं घासून कमावलेला जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, तिथे शून्यापासून.

तुमचेही अनुभव लिहा. भाचीला धागा दाखवणार आहे, त्यामुळे शिव्या जरा बेताने.

खारुताई

शिव्या नाहीत म्हटल्यावर माझ्याकडे लिहायला काही उरतच नाही. संप वाचून हसून हसून पुरे वाट.

टपालहंशील

सीलबंद पाकीट!! ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे गुणांचा उतारा, विद्यापीठाच्याच पाकिटात, तोंडावर सही-शिक्का, फोडलेलं चालत नाही. तीन आठवडे खेटे घालून तीन पाकिटं मिळवली. घरी येऊन आंघोळीला गेलो. बाहेर येतो तर आई तिन्ही फोडून बसलेली. म्हणे, "नाव बरोबर लिहिलंय का ते बघत होते रे."

नाव बरोबर होतं.

नावात_काय_आहे

नशीबवान आहात. माझ्या पासपोर्टात अख्खं नाव आडनावाच्या रकान्यात, नावाचा रकाना कोरा. अमेरिकेच्या व्हिसावर नावाच्या जागी छापून आलं 'एफएनयू', म्हणजे पहिलं नाव अज्ञात. पहिल्याच तासाला हजेरीत "फ्नू?" मी गप्प. मागून दोघांनी हात वर केला. आम्ही तीन फ्नू होतो त्या वर्गात.

पासपोर्ट आधी दुरुस्त करून घ्या रे पोरांनो, बाकीचं नंतर.

डबलडेकर

ब्रिटनला जाणाऱ्यांनी २८ दिवसांचं विसरू नये. फी आणि राहण्याखाण्याची रक्कम खात्यात सलग २८ दिवस हवी आणि त्यातला शेवटचा दिवस अर्जाच्या तारखेच्या मागे ३१ दिवसांच्या आतला. आमच्या बाबांनी २३ व्या दिवशी त्याच खात्यातून विम्याचा हप्ता भरला. रक्कम एका दिवसापुरती खाली आली, दुसऱ्या दिवशी त्यांनी परत भरलीही. उपयोग शून्य, मोजणी पुन्हा एकपासून. पुढचा महिनाभर त्या खात्याच्या पासबुकाला हात लावायला बाबांना बंदी होती.

काठावरची

@टपालहंशील, आईंना साष्टांग नमस्कार. मग परत तीन आठवडे?

टपालहंशील

पाच. खिडकीवरचे काका रजेवर गेले होते.

खिडकी_नंबर_चार

तयारी चार महिने, अमेरिकेच्या व्हिसाची मुलाखत दीड मिनिट. ट्रान्सफरवाल्यांना एक प्रश्न हमखास: तिथे शिकतच होतास, मग इथे कशाला? पहिल्या खेपेला घोकलेलं उत्तर म्हणून दाखवलं, जागतिक दर्जा, संशोधनाच्या संधी वगैरे. हातात नकाराचा, २१४(बी) कलमाचा कागद. म्हणजे शिकून परत जाशील याची खात्री पटली नाही. त्याला अपील नसतं, पुन्हा फी आणि पुन्हा रांग.

दुसऱ्यांदा घोकलं नाही. समुद्रातल्या आवाजांवर काम करायचंय, आमच्याकडे तो विषयच नाही, यांच्याकडे त्याचे चार कोर्स आहेत, माझे ६० पैकी ४४ क्रेडिट त्यांनी धरलेत, म्हणजे पुढे अडीच वर्षं लागतील. बाईंनी पहिल्यांदाच मान वर केली. "समुद्रात कसले आवाज?" मग एक मिनिट मी देवमाशांवर बोललो आणि त्यांनी पासपोर्ट ठेवून घेतला, म्हणजे व्हिसा मंजूर. देवमाशांमुळे मिळाला असं नाही म्हणत, पण का जायचंय ते मला स्वतःला कळलेलं होतं एवढा फरक नक्की.

रानवारा

कुठला देवमासा?

खिडकी_नंबर_चार

फिन व्हेल. २० हर्ट्झच्या आसपास हाक मारतो. माणसाचा कान साधारण तिथूनच सुरू होतो.

रानवारा

वेगळा धागा काढा ना यावर प्लीज. इथे व्हिसावाले आपल्याला हाकलतील.

बोटभर

बसमधून लिहितेय, चुका पोटात घाला. अमेरिकेच्या व्हिसाचा ऑनलाइन फॉर्म, डीएस-१६०, २० मिनिटं तसाच ठेवला तर बंद पडतो. अर्ज क्रमांक सुरुवातीलाच कागदावर उतरवा आणि मधे मधे सेव्ह करा. मी नव्हता उतरवला. चार वेळा पहिल्यापासून भरला. पाचव्यांदा उतरवला आणि तो कागद हरवला. स्टॉप आला, बाकी नंतर.

उधारीचा_कोट

जर्मनी. ब्लॉक्ड अकाउंट. सप्टेंबर २०२४ पासून वर्षाचे ११,९०४ युरो आधीच भरायचे आणि महिन्याला ९९२ सुटणार. आपलेच पैसे, आपल्यालाच खाऊचे पैसे दिल्यासारखे. तिकडे क्रेडिट ईसीटीएस या युरोपातल्या मापात, पूर्ण वर्षाचे ६०. माझे विषय त्यांनी मान्य केले खरे, पण तिसऱ्या सेमिस्टरला जागा नव्हती, त्यामुळे पहिल्याला बसलो. तीन विषयांच्या परीक्षा माफ आणि बाकी वर्गात मी सगळ्यांचा काका.

आतल्याआत

माझी गंमत वेगळी, मी अमेरिकेतल्या अमेरिकेत बदलले. सेविस, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या सरकारी नोंदीचा नंबर तोच राहतो, ३५० डॉलरची ती फी परत भरावी लागत नाही, नव्या विद्यापीठाचा आय-२० (व्हिसासाठी विद्यापीठ देतं तो प्रवेशाचा दाखला) मात्र लागतो. व्हिसावर जुन्या विद्यापीठाचं नाव असलं तरी मुदत आहे तोवर चालतो. खरी मेख जुनं विद्यापीठ ही नोंद नव्याकडे सोडतं त्या तारखेत. ती उलटली की जुन्या विद्यापीठाच्या हातात काही उरत नाही. मी नव्या ठिकाणचं पत्र यायच्या आत घाईघाईने तारीख टाकायला सांगत होते. आमच्या डीएसओ (परदेशी विद्यार्थ्यांचं बघणाऱ्या विद्यापीठातल्या अधिकारी) बाई शांतपणे म्हणाल्या, "आधी पत्र, मग तारीख." पत्र सहा आठवड्यांनी आलं. आजही त्यांना दरवर्षी शुभेच्छा पाठवते.

परतफेड

मी गेलोच नाही. लिहावं की नको असं चाललं होतं.

व्हिसा दोनदा नाकारला. त्याच्याआधी मी उत्साहात जुन्या कॉलेजातून नाव काढून घेतलं होतं. वर्गाने निरोप समारंभ केला, घड्याळ दिलं, भाषणं झाली. अडीच महिन्यांनी विनंती अर्ज करून त्याच वर्गात, त्याच बाकावर. कोणी काही बोललं नाही. घड्याळ परत द्यावं का, यावर मात्र मागच्या बाकावर चर्चा झाली म्हणे.

भाचीला सांगा, व्हिसा पासपोर्टवर चिकटेपर्यंत जुनं नाव काढू नकोस. आधी विचारून घे, वर्षभराची रजा देतात का.

काठावरची

परतफेड, हे लिहिलंत ते फार बरं केलंत. पहिली ओळ हीच दाखवली तिला.

खारुताई

घड्याळ ठेवलंत ना पण?

परतफेड

ठेवलं. अजून चालतंय.

खारुताई

शाब्बास. माझा आपला फोटोचा किस्सा. अमेरिकेला दोन बाय दोन इंच, पार्श्वभूमी पांढरी, चष्मा नाही. मी गेले पांढरा शर्ट घालून. पांढऱ्यावर पांढरं, फोटोत नुसतं मुंडकं तरंगतंय. अर्जाला तोच लागला. आयडी कार्डावरही तोच पाठवला, कारण पैसे दिलेले होते ना!

डबलडेकर

@काठावरची, हाताने लिहिलेला अभ्यासक्रम चालला कसा त्यांना?

काठावरची

खाली विभागप्रमुखांची सही, शिक्का आणि सोबत प्रमाणित भाषांतर. पण आधी ईमेल करून विचारलं होतं, असं चालेल का म्हणून. सरांनी तर प्रत्येक आठवड्याची पुस्तकातली पानंसुद्धा लिहिली होती, कुठल्याही छापील अभ्यासक्रमात नव्हतं इतकं.

भाचीने धागा वाचला बरं का. क्रेडिट नाही, २८ दिवस नाही, तिचा पहिला प्रश्न, "मावशी, तो संप किती दिवस चालला?" आत्ता तिच्या विषयांची यादी आलीय, २२ आहेत. उद्या ती पाकिटं मागायला जाणार.

टपालहंशील

पाकिटं घरी आणणार असेल तर तुमच्या बहिणीला आजच सांगून ठेवा.