शब्दचर्चा : 'छायाचित्र' की 'प्रकाशचित्र'?

प्रश्न : जुन्या वास्तूंच्या फोटोंवर लेख लिहितेय. 'फोटोग्राफी' म्हणजे प्रकाशाने रेखाटणं. मग मराठीत 'छाया' कुठून आली? 'प्रकाशचित्र' जास्त अचूक नाही का?

उत्तर : व्युत्पत्ती पाहिली तर 'प्रकाशचित्र' बरोबरच, पण 'छायाचित्र' मला जास्त चपखल वाटतो. कागदावर फोटो काढण्याची पद्धत शोधणाऱ्या इंग्लंडातल्या टॅल्बटने आपल्या या कृतीला आधी 'स्किआग्राफी'च म्हटलं होतं. ग्रीक 'स्किआ' म्हणजे सावली. 'फोटोग्राफी' हा शब्द शास्त्रज्ञ हर्शलने त्याला १८३९मध्ये सुचवला आणि तोच टिकला.

टॅल्बटने ऑगस्ट १८३५मध्ये लॅकॉक ॲबी या आपल्या घरातल्या खिडकीची केलेली निगेटिव्ह बघा. पोस्टाच्या तिकिटाएवढा कागद, त्यावर मीठ आणि सिल्व्हर नायट्रेटचा थर. चित्र आतून काढलेलं, त्यामुळे बाहेरच्या उजेडाने तावदानं काळी पडली आणि मधल्या पट्ट्या पांढऱ्या राहिल्या. ताजी असताना भिंगातून सुमारे २०० तावदानं मोजता येत, असं त्याने शेजारीच लिहून ठेवलंय. उजेड पडला तिथेच काळोख उमटला. याला सावली नाही तर काय म्हणायचं?

त्याच काळात फ्रान्समध्ये फोटोची वेगळी पद्धत शोधणाऱ्या डागेरच्या पद्धतीत मात्र चांदीचा मुलामा दिलेला तांब्याचा पत्रा, आरशासारखा लखलखीत. निगेटिव्ह नाही, प्रत एकच, आणि इमारतीची डावी बाजू सहसा उजवीकडे. हे सरळ प्रतिबिंबच. संस्कृतात 'छाया'चा तोही अर्थ आहे! (नाटकातल्या प्राकृत संवादांच्या संस्कृत रूपालाही छायाच म्हणतात.) एका शब्दात दोन्ही पद्धती मावतात, 'प्रकाशचित्र'मध्ये ती सोय नाही.

प्रश्नकर्ती : पटलं. माझ्या लेखात छायाचित्रकार थॉमस बिग्ज आहे. मुंबई सरकारने त्याला १८५५मध्ये विजापूर, बदामी, ऐहोळे इथल्या वास्तूंच्या कामावर नेमलं होतं. त्याच्या कागदी निगेटिव्हना 'ऋणचित्रं' म्हणू का?

उत्तर : नको. गणिताबाहेर 'ऋण' म्हटलं की कर्ज आणि उपकारच आठवतात. 'कागदी निगेटिव्ह' लिहा, कुणीही अडणार नाही. आणखी एक विनंती : 'बिग्जने छायाचित्रं घेतली' असं लिहू नका, 'काढली' लिहा. चित्र काढतो तसाच आपण फोटो काढतो. टॅल्बटनेही आपल्या पहिल्या कागदांना 'फोटोजेनिक ड्रॉइंग' म्हटलं होतं, तेव्हा आपलं क्रियापद त्याच्या फार जवळचं आहे.