अल्फा / बीटा टेस्टिंगला गेल्यावर काय अपेक्षा ठेवायची?

रात्रपाळी_गेमर

मंडळी, एक शंका आहे. एका गेमच्या क्लोज्ड अल्फासाठी नाव नोंदवलं होतं, निवड झाल्याचा मेल आला. गेमचं नाव इथे लिहिता येत नाही, आत जातानाच एनडीएवर (गुप्ततेच्या करारावर) टिक करून घेतलंय. तर डाउनलोड करून सुरू केला आणि खरं सांगायचं तर हिरमोड झाला. अर्ध्या इमारती म्हणजे नुसते करडे ठोकळे, दोन पात्रांना आवाजच नाही आणि तिसरं पात्र कॉम्प्युटरच्या रोबोटछाप आवाजात बोलतंय, एका ठिकाणी जमिनीतून खाली पडलो तो पडतच राहिलो. ग्राफिक्स कार्ड बऱ्यापैकी आहे तरी फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो आकडा) ३०च्या वर जायला तयार नाही. आणि वर नोटीस लावलीय की हा टप्पा संपला की सगळी प्रगती पुसली जाणार.

याच्या बरोबर उलट, मागे एका मोठ्या शूटरची ओपन बीटा खेळलो होतो, ती जवळपास तयार गेमच वाटत होती. महिन्याभराने गेम आला तर आम्ही बोंबलून बोंबलून सांगितलेल्यातलं काहीच बदललेलं नव्हतं. मग ती बीटा घेतली तरी कशाला?

तर कुठे काय चालवून घ्यायचं, कुठे तक्रार करायची, आतलं माहीत असलेलं कोणी सांगेल का? आणि मी जे लिहून पाठवणार ते कोणी वाचतं का मुळात?

बगवेचक

टेस्टिंगमध्येच नोकरी करते त्यामुळे जरा लांबेल, चालवून घ्या.

आधी हे लक्षात घ्या की अल्फा आणि बीटा हे मुळात स्टुडिओच्या आतले टप्पे आहेत, खेळाडूंसाठी ते कधी नव्हतेच. प्रत्येक स्टुडिओची व्याख्या थोडी वेगळी असते पण साधारण असं धरून चाला: अल्फा म्हणजे गेममधली सगळी फीचर्स कुठल्या ना कुठल्या रूपात आत आलीयत आणि सुरुवातीपासून शेवटापर्यंत कसाबसा का होईना पण गेम खेळता येतो. दिसायला तो भयाण असतो, ते अपेक्षितच आहे. करडे ठोकळे म्हणजे लेव्हल डिझायनरने मापं आणि रस्ते बरोबर बसतात का बघायला उभे केलेले असतात, आर्ट त्यावर नंतर चढते. रोबोटछाप आवाज पण मुद्दाम, कारण संवाद अजून बदलतायत, कलाकाराला स्टुडिओत बोलावून रेकॉर्ड केलं आणि पुढच्या आठवड्यात तो सीनच उडाला तर सगळा खर्च पाण्यात. गुलाबी रंगाच्या वस्तू दिसल्या किंवा हात आडवे पसरून उभी राहिलेली माणसं दिसली तर घाबरू नका, टेक्स्चर किंवा ॲनिमेशन अजून जोडलेलं नाही एवढाच अर्थ.

फ्रेम रेटचं पण तसंच आहे. लोकांना वाटतं डेव्हलपर आळशी आहेत. पण ऑप्टिमायझेशन, म्हणजे गेम हलका आणि वेगवान करणं, शेवटाकडे करतात कारण जो भाग उद्या कापला जाऊ शकतो तो आज घासूनपुसून कशाला ठेवायचा, आणि शिवाय अल्फाच्या बिल्डमध्ये (गेमच्या त्या वेळच्या प्रतीत) मागे सतत लॉग लिहिणं, तपासण्या करणं चालू असतं, त्याने पण गेम जड होतो.

प्रगती का पुसतात हेही सांगते. सेव्ह फाइलमध्ये तुमची पातळी, वस्तू, कुठलं मिशन कुठवर आलं हे सगळं एका ठरावीक मांडणीत लिहिलेलं असतं. अल्फात ती मांडणीच दर थोड्या दिवसांनी बदलते. जुनी सेव्ह नव्या बिल्डला वाचता यावी म्हणून कोड लिहीत बसलं तर मूळ काम राहतं बाजूला. ऑनलाइन गेम असेल तर आणखी एक कारण, कोणीतरी बग वापरून हजारो सोन्याची नाणी जमवलेली असतात ती घेऊन त्याला पुढे जाऊ देता येत नाही.

बीटा म्हणजे कंटेंट पण पूर्ण. आता नवीन काही घ्यायचं नाही, फक्त बग मारायचे आणि कामगिरी सुधारायची. रोज बैठक बसते, कुठला बग आज मारायचा, कुठला नंतर, कुठला तसाच सोडायचा. हो, माहीत असलेले बग सोडूनही गेम बाहेर जातात, प्रत्येक गेम जातो. कारण एक दुरुस्त करताना दुसरीकडे काहीतरी मोडतं, आणि रिलीजला पंधरा दिवस उरले असताना टोपीतून केस बाहेर येतात म्हणून कॅरेक्टरच्या कोडला हात लावायला कोणी धजत नाही.

यानंतर रिलीज कँडिडेट, म्हणजे मोठं काही सापडलं नाही तर हीच प्रत बाहेर जाईल अशी प्रत. कन्सोल असेल तर सोनी, मायक्रोसॉफ्ट, निन्टेंडो यांची आपापली तपासणी असते. खेळता खेळता कंट्रोलरची बॅटरी गेली तर काय होतं, स्टोरेज भरलं असेल तर सेव्ह करताना गेम नीट सांगतो का, मशीन झोपवून उठवल्यावर चालू होतो का असल्या गोष्टी. गेम मजेशीर आहे की नाही याच्याशी त्यांना देणंघेणं नसतं.

तुमच्या शूटरचं उत्तर यातच आहे. रिलीजच्या महिनाभर आधीची ओपन बीटा ही वरच्या अर्थाने बीटा नसतेच, ती अर्धी सर्व्हरची चाचणी आणि अर्धी जाहिरात. डायब्लो ४चं बघा, मार्च २०२३मध्ये बीटा झाली, मग मे महिन्यात एक शनिवार-रविवार परत सगळ्यांना बोलावलं आणि त्याचं नावच सर्व्हर स्लॅम, गेम आला जूनमध्ये. तेवढ्या वेळात नवा नकाशा बनत नाही. शिवाय जी बीटा तुम्ही खेळता ती प्रत बऱ्याचदा काही आठवडे आधी वेगळी काढून ठेवलेली असते, त्यामुळे तुम्ही कळवलेला बग आमच्याकडे कधीच सुटलेला असू शकतो. हे सांगितलं की खेळाडू म्हणतात पळवाट काढतायत, पण बहुतेक वेळा खरं असतं.

एकखांबी_डेव्ह

बगवेचक यांच्याशी सहमत, फक्त एक भर घालतो. कोणत्या टप्प्यावर काय बदलता येतं हे कळलं ना की आपला फीडबॅक वाया जात नाही.

आकडे शेवटपर्यंत बदलता येतात. बंदुकीचं डॅमेज, शत्रूचं आरोग्य, वस्तूची किंमत, हे सगळं एखाद्या टेबलमध्ये असतं, एक रकाना बदलला की झालं. त्यामुळे ओपन बीटात "शॉटगन फार भारी पडते" हे जरूर लिहा, त्याचा उपयोग होतो. पण "यात पोहता आलं पाहिजे" हे बीटात सांगून काहीही होणार नाही कारण पोहणं म्हणजे नवीन ॲनिमेशन, कॅमेरा, शत्रूंनी पाण्यात काय करायचं, प्रत्येक लेव्हलमधलं पाणी परत तपासणं. रंग देऊन झालेल्या घरात भिंत सरकवायला सांगण्यासारखं आहे ते. असल्या गोष्टी अल्फात बोलायच्या, आणि तेव्हाही उशीर झालेला असू शकतो. संवाद आणि मेनूतला मजकूर बीटाच्या आसपास गोठवतात कारण तो भाषांतराला जातो, एक वाक्य बदललं तर दहा भाषांत बदलावं लागतं.

मी एकटाच छोटे गेम बनवतो त्यामुळे माझ्याकडे हे टप्पे इतके सोवळ्यात नसतात, अल्फा-बीटा एकाच आठवड्यात चालू असतात म्हणा ना. आमच्यासारख्यांना खेळाडू लवकर आत घेणं परवडतं कारण तेव्हा खरंच काही बदलू शकतं. आणि मोठ्यांनाही जमतं, मनात असेल तर. बाल्डर्स गेट ३ ऑक्टोबर २०२०मध्ये अर्ली ॲक्सेसला, म्हणजे अपुरा असतानाच विक्रीला, आला तेव्हा फक्त पहिला अंक होता आणि पातळी ४च्या पुढे जाता येत नव्हतं, पूर्ण गेम ऑगस्ट २०२३मध्ये आला. हेडीस डिसेंबर २०१८ ते सप्टेंबर २०२० अर्ली ॲक्सेसमध्ये होता आणि कथेचा खरा शेवट त्यांनी मुद्दाम पूर्ण आवृत्तीसाठी राखून ठेवला होता. मला हे फार आवडलं, आधीपासून खेळणाऱ्यांनाही शेवटी काहीतरी नवं मिळालं.

वाचतं का कोणी, तर माझ्याकडे मी सगळं वाचतो. पण एक सांगू, खेळाडूला त्रास कुठे होतोय हे तो अचूक सांगतो, उपाय सुचवतो तो मात्र बहुतेक वेळा चुकीचा असतो. "दुसरा बॉस (मोठा शत्रू) सोपा करा" असं दहा जण लिहितात आणि बघायला गेलं तर बॉस ठीक असतो, त्याच्या हल्ल्याची खूणच अंधारात दिसत नसते. त्यामुळे कुठे अडकलात, काय करायला गेलात, काय वाटलं ते लिहा.

दोनतासांतरिफंड

सगळं छान आहे पण कोणीतरी वाईटपणा घ्यायला हवा म्हणून मी घेतो.

अल्फा, बीटा, अर्ली ॲक्सेस ही आता विकायची लेबलं झालीयत. फुकट आमंत्रण असेल तर करडे ठोकळे काय, काहीही चालेल, तिथे तुम्ही त्यांना मदत करताय. पण पैसे घेऊन "अजून अल्फा आहे" हे उत्तर किती वर्षं ऐकून घ्यायचं? स्टार सिटिझनने २०१२मध्ये लोकांकडून पैसे गोळा करायला सुरुवात केली. डेझी डिसेंबर २०१३मध्ये अर्ली ॲक्सेसला आला तो बाहेर पडला डिसेंबर २०१८मध्ये, तो निदान बाहेर तरी पडला. कर्बल स्पेस प्रोग्रॅम २ फेब्रुवारी २०२३मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी त्यावर काम करणाऱ्या स्टुडिओचं दुकान बंद झालं, पूर्ण आवृत्ती आलीच नाही.

माइनक्राफ्टचं उदाहरण सगळे देतात, अल्फात विकला, डिसेंबर २०१०मध्ये बीटा झाली, नोव्हेंबर २०११मध्ये पूर्ण आवृत्ती. बरोबर आहे, पण तो अल्फात असतानाच खेळायला मजा यायची! लोकांनी आज जे आहे त्याचे पैसे दिले. मी तेवढंच बघतो. आज जसा आहे तसाच राहिला, उद्यापासून एकही अपडेट आला नाही, तरी घेतला असता का? नसेल तर पुढे. स्टीमवर (गेम विकणारं ऑनलाइन दुकान) अर्ली ॲक्सेसच्या पानावर स्टुडिओची प्रश्नोत्तरं असतात ती वाचा आणि शेवटचा अपडेट कधी आला ते बघा. पूर्ण आवृत्ती कधी येणार हे त्यांनी तिथे लिहिलेलं असतं, त्यावर मी तरी विश्वास ठेवत नाही. आणि १४ दिवसांच्या आत, दोन तासांपेक्षा कमी खेळला असाल तर पैसे परत मिळतात, माझ्या आयडीवरून कळलंच असेल.

अवांतर: "गोल्ड झाला", म्हणजे बाहेर जाणारी प्रत तयार झाली, या घोषणेवरही फार नाचू नका. सायबरपंक २०७७ ऑक्टोबर २०२०मध्ये गोल्ड झाल्याचं जाहीर केलं आणि त्याच महिन्यात तारीख परत पुढे ढकलून १० डिसेंबर केली. आला तेव्हा जुन्या कन्सोलवर काय अवस्था होती ते सगळ्यांना माहितीय.

एकखांबी_डेव्ह

@दोनतासांतरिफंड, अहो तक्रार रास्त आहे पण छोट्या डेव्हलपरला बऱ्याचदा अर्ली ॲक्सेसच्या पैशांवरच पुढचं काम करावं लागतं. विकला गेला नाही तर काम थांबतं, काम थांबलं की तुम्ही म्हणता फसवलं. यावर उत्तर माझ्याकडे पण नाही.

दोनतासांतरिफंड

मान्य. पण मग पानावर तसं स्पष्ट लिहा ना, की पैसे संपले तर काम थांबेल. एवढं प्रामाणिकपणे लिहिणाऱ्याचा गेम मी घेईनही.

रात्रपाळी_गेमर

सगळ्यांचे आभार, बरंच डोक्यात शिरलं. म्हणजे माझ्या अल्फात ठोकळ्यांबद्दल लिहून उपयोग नाही. मग जमिनीतून पडलो ते कळवायचं का? आणि कसं? त्यांच्या फॉर्ममध्ये नुसता एक मोठा रिकामा चौकोन आहे. आणखी एक, मेनूतच असताना माझ्या कार्डाचा पंखा हेलिकॉप्टरसारखा ओरडतो, कार्डाला काही होणार तर नाही ना?

बगवेचक

जमिनीतून पडलात ते नक्की कळवा. "गेम बग्गी आहे" असं लिहिलेल्या रिपोर्टचं आम्ही काहीच करू शकत नाही, तो बंदच होतो. असं काहीतरी लिहा:

"बिल्ड क्रमांक (मेनूत कोपऱ्यात बारीक अक्षरात असतो तो). दुसऱ्या मिशनमध्ये पुलाच्या डाव्या टोकाला, पायऱ्यांवरून धावत येऊन उडी मारली आणि हवेत असतानाच बंदूक बदलली. जमिनीतून खाली गेलो, गेम बंद करावा लागला. पाच वेळा करून बघितलं, तीन वेळा झालं. बंदूक न बदलता उडी मारली तर होत नाही."

शेवटचं वाक्य सोन्यासारखं आहे, कुठे शोधायचं ते प्रोग्रॅमरला तिथेच कळतं. सोबत प्रोसेसर, कार्ड, ड्रायव्हरची आवृत्ती द्या आणि गेम कोसळला असेल तर क्रॅशची फाइल जोडा. एका रिपोर्टमध्ये एकच बग, चार गोष्टी एकत्र लिहिल्या तर तीन हरवतात. आधी कोणीतरी कळवलं असेल असं समजून सोडून देऊ नका, दहा जणांनी कळवलेला बग बैठकीत वर सरकतो. व्हिडिओ जोडलात तर फारच उत्तम, पण तो त्यांच्या फॉर्ममधूनच, यूट्यूबवर टाकून लिंक देऊ नका. एनडीए असलेल्या बिल्डमध्ये बऱ्याचदा स्क्रीनवर पुसट खुणा असतात, त्यावरून कोणाच्या खात्यातून फुटलं ते कळतं.

पंख्याचं मनावर घ्या. मेनूत फ्रेम्सना मर्यादा घातलेली नसणार, साधं चित्र असल्यामुळे कार्ड शेकड्यांनी फ्रेम्स काढत सुटतं. जुलै २०२१मध्ये ॲमेझॉनच्या न्यू वर्ल्डच्या क्लोज्ड बीटात काही जणांची आरटीएक्स ३०९० कार्डं बंद पडली होती. त्यात ती कार्डं बनवणाऱ्या ईव्हीजीए कंपनीने काही कार्डांच्या सोल्डरिंगमध्ये दोष होता असं नंतर सांगितलं, म्हणजे धडधाकट कार्ड सहसा असं मरत नाही, पण ॲमेझॉननेही पॅच काढून मेनूतल्या फ्रेम्सना मर्यादा घातलीच. तुम्ही कार्डाच्या ड्रायव्हरच्या सेटिंगमध्ये जाऊन या गेमपुरती ६० फ्रेम्सची मर्यादा घाला, दोन मिनिटांचं काम आहे. आणि हा पण बगच आहे, वेगळा रिपोर्ट करा.

रात्रपाळी_गेमर

मर्यादा घातली, पंखा शांत झाला. मेनूचा रिपोर्ट पाठवलाय, पुलावर आज रात्री परत उड्या मारून बघतो.