कंबोईजवळच्या खाऱ्या जमिनीतली वेडी बाभूळ काढावी का?

रावपुरेकर

नमस्कार. गुजरातेत जंबुसर तालुक्यात, कंबोईच्या अलीकडे, माझ्या मावसभावाने भागीदारीत २० विघे खारी जमीन घेतली आहे. निम्म्या जमिनीवर वेडी बाभूळ माजली आहे. (गुजराती शेजारी तिला जे नाव देतात, ते मराठी घरात आईसमोर उच्चारता येत नाही.) उरलेल्या निम्म्यात गुडघाभर गवत असून मध्येमध्ये मीठ फुललेले पांढरे पट्टे आहेत. जानेवारीत आम्ही बडोद्याहून चौघे पहाटे निघून तेथे गेलो, तेव्हा बाभळीत पळसमैनांचा मोठा थवा कलकलत होता, आणि एक करडा शिकारी पक्षी, पंख किंचित वर धरून, गवताच्या शेंड्यांना जवळजवळ स्पर्श करीत संथपणे तरंगत गेला. सगळी बाभूळ काढून २० च्या २० विघ्यांत वड, पिंपळ आणि कडुनिंब लावावेत, असा भावाचा मनसुबा आहे. बाभूळ गेल्यावर पक्षीही जातील का? आणि तेथे कोणती देशी झाडे जगतील?

पिलूवाले काका

पळसमैनांची काळजी करू नका. बाभळीवर त्यांचे प्रेम नाही, बसायला दुसरे काही उरलेले नाही म्हणून त्या तेथे बसतात. ही बाभूळ मूळची अमेरिका खंडातली. कच्छच्या बन्नी या गवताळ प्रदेशात तर १९६०-६१ च्या सुमारास वनखात्यानेच, रण पुढे सरकू नये या सद्हेतूने, ती पेरली आणि तिने बन्नीचे गवत गिळले. तिच्या पानांना गुरे तोंड लावत नाहीत, पण शेंगा गोड असल्याने आवडीने खातात, आणि कठीण कवचाचे बी शेणातून जसेच्या तसे बाहेर पडून नव्या जागी रुजते.

मीठ फुललेल्या जमिनीत वड-पिंपळ तग धरणार नाहीत. तेथली खरी झाडे म्हणजे पिलू, ज्याला गावकरी खारी जार म्हणतात, आणि किंचित उंच, कमी खारट जागी शमी. दसऱ्याला आपण जिची पूजा करतो तीच ही शमी. वेडी बाभूळ तिचीच परदेशी भावकी आहे, हे सांगितल्यावर पुष्कळांना खरे वाटत नाही. पिलूची फळे उन्हाळ्याच्या तोंडाशी पिकतात, म्हणजे नेमकी पळसमैना परतीच्या वाटेला लागतात तेव्हा, आणि त्यांवर त्या तुटून पडतात.

सुरसागर

आमचा अनुभव ऐका. वाघोडियाकडच्या शेतात आम्ही मजुरांकडून कोयत्याने बाभूळ छाटून घेतली, आणि पुढच्या पावसाळ्यात एकेका बुंध्यातून आठ-दहा फांद्या फुटल्या. मी स्वतः चप्पल घालून आत शिरलो, तो काटा तळव्यातून आरपार गेला; आठवडाभर पाय टेकवता आला नाही. बुंधा जमिनीखाली हातभर खणून गड्ड्यासकट काढावा लागतो, आणि पुढची काही वर्षे दर पावसाळ्यानंतर नवी रोपे उपटावी लागतात. जळण आणि कोळसा गावातल्यांना घेऊ द्या. त्यांची चूल त्यावरच चालते.

भोवत्या

रावपुरेकर, तुम्ही पाहिलेला करडा शिकारी पक्षी बहुधा भोवत्या असावा. एक गोष्ट कळकळीने सांगावीशी वाटते : निम्म्या जमिनीवरचे जे गवत तुम्हाला रिकामे वाटते, त्यात एकही झाड लावू नका. खंभातच्या आखातापलीकडे भावनगर जिल्ह्यात वेळावदर हे काळविटांचे राष्ट्रीय उद्यान आहे. तेथे हिवाळ्यात मध्य आशियाकडून आलेले शेकडो भोवत्ये संध्याकाळी एकत्र मुक्कामाला उतरतात, आणि ते झाडावर नव्हे, गवतात, जमिनीवर झोपतात. सूर्य बुडताना मी ते पाहिले आहे : एकेक पक्षी घिरट्या घालीत खाली येतो, दोन-तीनदा जागा बदलतो आणि अखेर गवतात असा बसतो की दहा पावलांवरूनही दिसू नये. त्यांचा मुख्य आहार नाकतोडे. शेतकऱ्याच्या दृष्टीने हा फुकटचा पहारा आहे. याच वेळावदरात काळवीट आणि नीलगाय शेंगा खाऊन बी पसरवतात आणि बाभूळ गवतात घुसते, म्हणून ती सतत काढावी लागते. वृक्षारोपणाचा उत्साह मी समजू शकतो, परंतु माळाला माळच राहू देणे आपल्याकडे कुणाला सुचत नाही.

आणि हो, काम मार्चअखेरपर्यंत सुरू करू नका. तोवर बहुतेक भोवत्ये निघून जातात.

रावपुरेकर

सर्वांचे आभार. भावाला समजावायला दोन दिवस लागले. गवताचा भाग तसाच ठेवायला तो तयार झाला आहे आणि जेसीबी एप्रिलवर ढकलला आहे. काल पुन्हा गेलो तेव्हा पायवाटेवर नीलगायीच्या लेंड्यांचा ढीग दिसला; काडीने फोडून पाहिला, तर आत बाभळीचे बी अगदी धडधाकट. काका, पिलूची रोपे आणावीत की बी पेरावे?

पिलूवाले काका

बी पेरा, आणि तेही ताजे. फळाचा गर चोळून, धुऊन काढा; गर राहिला तर उगवण होत नाही. मे महिन्यात या, कंबोईच्या वाटेवरचे दोन जुने वृक्ष दाखवतो.