रंगपंचमीला वेळास, सोबत सहा वर्षांची लेक – सल्ला हवा

भटकी_मांजर:
रंगपंचमीच्या शनिवार-रविवारी कोकणात वेळासला कासवाची पिल्लं बघायला निघालोय. आम्ही दोघं, सहा वर्षांची लेक, सासू-सासरे. गावातच एका घरी मुक्काम ठरलाय. सकाळी पिल्लं, मग ऊन उतरलं की संध्याकाळी समुद्रात डुंबणं, असा बेत आहे. लेक पाणी दिसलं की सुटतेच, आणि नवऱ्याला 'मला पोहता येतं' हा आजार आहे. विहिरीत शिकलाय. पाण्यात कधी उतरावं, सोबत काय घ्यावं? आणि पिल्लं नक्की दिसतात ना? लेकीला शब्द दिलाय.

कोरडा_ओंडका:
शब्द आधी मागे घ्या. आम्ही दोनदा गेलो. एकदा चाळीसेक पिल्लं, एकदा घरट्यावरच्या टोपलीखाली नुसती वाळू. आंबोळ्या मात्र दोन्ही वेळा झकास होत्या.

खारवट:
पिल्लांचं गणित असं आहे. मादी रात्री येऊन शंभरेक अंडी घालून जाते. कोल्हा-कुत्र्यांपासून वाचवायला कासवमित्र ती उचलून कुंपणाच्या आत तशाच खड्ड्यात पुरतात. पिल्लं निघायला पंचेचाळीस ते साठ दिवस लागतात, वाळू किती तापते त्यावर. (वाळू जास्त तापली की माद्या जास्त निघतात.) साधारण सकाळी सातला आणि संध्याकाळी सहाला टोपली उचलून बघतात. वर आलेली असली तर दोरीपलीकडून दिसतात.

हातात द्या म्हणून हट्ट करू नका. आमच्या वेळी एक गृहस्थ 'एकच फोटो' म्हणत पुढे आले होते. कासवमित्राने नुसतं त्यांच्या सनस्क्रीन चोपडलेल्या हातांकडे बघितलं. पिल्लं उजेडाच्या रोखाने चालतात, तेव्हा बॅटरी आणि फ्लॅश बंद. पाण्यापर्यंत त्यांना आपल्या पायांनीच जाऊ द्यायचं.

लेकीला सांगायला एक गोष्ट: २०२२ च्या जानेवारीत वेळासच्याच एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला खबर देणारं यंत्र बसवलं होतं, तिचं नाव प्रथमा. आणि ओडिशात २०२१ मध्ये खूणपट्टी लावलेली एक मादी २०२५ च्या जानेवारीत थेट गुहागरला अंडी घालायला आली होती!

दर्यावरचे_काका:
भटकी_मांजर, तुमचा बेत नेमका उलटा आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, आमचे आजोबा कालनिर्णयकडे बघून सांगायचे. रंगपंचमी म्हणजे वद्य पंचमी. पाच पाऊणे पावणेचार. दुपारी पावणेचारच्या आसपास पूर्ण भरती, सकाळी साडेनऊ-दहाला पूर्ण ओहोटी. शनिवारी चतुर्थी, म्हणून सगळं पाऊण तास अलीकडे. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे धरा आणि गावात विचारून खात्री करा.

म्हणजे ऊन उतरल्यावर पाचला सगळे पाण्यात उतरतात तेव्हा ओहोटी लागलेली असते. पाणी बाहेर ओढत असतं आणि पायाखालची वाळू सरकत असते. लहान पोर गुडघाभर पाण्यातही बसकण मारतं. तुम्ही साडेदहा-अकराला उतरा, पाणी चढतं असताना. ऊन लागेल, टोपी घाला. एक वाजता बाहेर, जेवण, झोप. संध्याकाळ पिल्लांना द्या, पाण्याला नाही.

२०१६ च्या फेब्रुवारीत मुरूड-जंजिऱ्याला पुण्याच्या सहलीतले १४ विद्यार्थी बुडाले. त्यांच्यातही पोहता येणारे असतील. यजमानांना हे वाचून दाखवा.

विहिरीतला_बेडूक:
काका, मीही विहिरीतच शिकलो, म्हणून थोडी भर. धोका फक्त ओहोटीचा नसतो. दोन्हीकडे लाटा फुटतायत आणि मधल्याच पट्ट्यात पाणी सपाट, गढूळ दिसतंय, तर ती जागा शांत नसते. किनाऱ्यावर आलेलं पाणी तिथूनच परत जातं. नवशिका नेमका तिथेच उतरतो. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झगडू नका, दमून जाल. किनाऱ्याला समांतर, आडवे पोहा, पट्टा संपला की मग आत या. नाहीच जमलं तर पाठीवर तरंगत हात वर करा.

बुडणाऱ्याच्या मागे उडी मारू नका. बूच घट्ट लावलेला पाच लिटरचा रिकामा कॅन आणि वीस-पंचवीस हात दोरी गाडीत ठेवा. दोरी कॅनच्या कडीला बांधून फेकायची. जीवरक्षक असतीलच असं धरून चालू नका.

मीठभाकरी:
लेकीला पाण्यात पाय घासत चालायला शिकवा. वाळूत पाकट मासा दडून बसतो, चाहूल लागली तर निघून जातो, पाय पडला तर शेपटीचा काटा मारतो. २०१३ च्या विसर्जनात गिरगावला कितीतरी जणांना बसला होता. काटा लागलाच तर सोसवेल तितक्या गरम पाण्यात पाय बुडवायचा, कळ कमी होते, आणि मग डॉक्टर गाठायचा. आणि शंखात खेकडा राहत नाही ना, ते बघितल्याशिवाय शंख पिशवीत टाकू देऊ नका. आमच्या फ्रीजवरून रात्री एक चालत निघाला होता.

केळशीकर:
इथलाच आहे, म्हणून एक विनंती. गाडी वाळूवर घेऊ नका. दोन वर्षांपूर्वी एक मोठी गाडी ओहोटीत फेऱ्या मारून रुतली. भरती यायच्या आत पंधरा जणांनी दोरखंड लावून काढली, वर 'इथे बोर्ड का नाही' हे ऐकून घेतलं. पण माझ्या लक्षात राहिलं ते दुसऱ्या दिवशी पहाटेचं. कुणाला न सापडलेल्या घरट्यातली तीन पिल्लं त्या चाकाच्या खाचेत उतरली होती. काठ चढता येईना, म्हणून खाचेतूनच एकामागे एक चालत होती, समुद्राला समांतर.

वाहून आलेलं मोठं कासव दिसलं तर पाण्यात ढकलू नका, जखमी किंवा दमलेलं असतं. सावली करा, ओला कपडा टाका, नाकपुड्या मोकळ्या ठेवा आणि वनखात्याच्या १९२६ वर फोन करा. कुरव पक्ष्यांना फरसाण घालू नका, हेही जाता जाता.

भटकी_मांजर:
सगळ्यांचे आभार. बेत उलटा केलाय. नवऱ्याने धागा वाचला, 'तीस हात दोरी आहे घरी' एवढंच म्हणाला. एक राहिलं: रंग नेले तर चालतील का?

केळशीकर:
शिमग्याची पालखी गावात असेल तर गुलाल तिथेच उधळा की. किनाऱ्यावर नको.

भटकी_मांजर:
नाही नेत. लेकीला सांगितलंय की कासवं बघायला जातोय, दिसतील की नाही ते कासवं ठरवणार. तिने विचारलं, त्यांना फोन करता येत नाही का?