मून लव्हर्स (स्कार्लेट हार्ट) : एवढं कौतुक कशाचं?

रंगपेटी

भाचीच्या आग्रहाखातर ‘मून लव्हर्स : स्कार्लेट हार्ट’ ही कोरियन मालिका एकदाची संपवली. वीस भाग. ती म्हणाली होती, “मावशी, शेवटाला उशी भिजते.” माझी उशी कोरडी ठणठणीत, डोकं मात्र तापलंय. इथे कोरियन मालिकांचे दर्दी बरेच आहेत, म्हणून विचारते : माझं काही बघायचं राहून गेलं का?

(पुढे शेवट फोडलाय. बघायची असेल त्यांनी इथूनच मागे फिरावं.)

गोष्ट अशी. आजच्या काळातली एक मुलगी सूर्यग्रहणाच्या वेळी पाण्यात बुडते आणि हजार वर्षांपूर्वीच्या कोरियातल्या गोर्यो राज्यात, ‘हे सू’ नावाच्या मुलीच्या देहात जागी होते. वर येते तीही राजपुत्रांच्या स्नानकुंडातून. म्हणजे पहिल्याच भागात सगळे देखणे चेहरे ओल्या केसांनी बघून घ्या, पुढचं पुढे. चौथा राजपुत्र वांग सो हा सख्ख्या आईने चेहरा विद्रूप केलेला, अर्ध्या मुखवट्यातला, सगळे घाबरून असतात तो. आठवा वांग वूक सज्जन, अभ्यासू आणि विवाहित. आपली नायिका आधी आठव्यावर भाळते, मग चौथ्यावर. सिंहासन एकच, तेव्हा पुढे भाऊ भावाच्या जिवावर उठणार हे ओघानं आलंच.

मी हौशी रंगभूमीवर रंगभूषा करते. राज्य नाट्य स्पर्धा आली की दाढ्यामिशा चिकटवण्यात माझे दोन महिने जातात. त्यामुळे माझं पहिलं भांडण त्या व्रणाशीच. ज्या व्रणापायी आई पोराचं तोंड बघत नाही, तो मुखवटा काढल्यावर दिसतो कसा? मांजरानं ओरबाडल्यासारखा! अहो, आमच्याकडे कापूस, गम आणि पॅनकेक मेकअपवर शाळकरी पोरं याच्यापेक्षा भयानक जखम करून दाखवतात. नायक देखणाच दिसला पाहिजे हे कळतं मला, पण मग सगळी गोष्ट त्या व्रणावर कशाला उभी करायची?

आणि तरीही मालिकेतला सगळ्यात उत्तम प्रसंग तोच आहे, हेही सांगते. पावसासाठीच्या विधीला सोला लोकांसमोर जायचं असतं, आणि हे सू त्याचा व्रण लेप लावून झाकते. बोटाच्या टोकानं थापटत थापटत, कडा विरवत. हे काम मी रोज करते, म्हणून सांगते : दुसऱ्याच्या हाती चेहरा देऊन बसणारा माणूस पहिल्यांदा श्वास रोखतो, आणि हळूहळू त्याचे खांदे खाली येतात. सोचं काम करणाऱ्या ली जुन-गीनं तो बदल बरोब्बर पकडलाय. त्या दहा मिनिटांत मला वाटलं, चला, आता रंगणार.

कुठलं काय! त्यानंतर तो जन्मभर उघड्या चेहऱ्यानं वावरतो. रोज सकाळी लेप कोण लावतं? हे सूला शिक्षा होऊन ती धुणी धुवायला पाठवली जाते, तेव्हा कोण लावतं? कुणी विचारतच नाही. एवढं चांगलं साधन हातात होतं, दोघांना रोज समोरासमोर बसवायला. सोडून दिलं.

दुसरं भांडण शेवटाशी. आधी पंधरा-सोळा भाग बागेत फिरा, बर्फात फिरा, एकमेकांकडे टक लावून बघा. कॅमेरा इतका जवळ की पापण्या मोजाव्यात. आणि मग एकामागून एक राजे गादीवर बसतात नि मरतात. एकाच्या स्नानाच्या पाण्यात पारा, दुसरा भीतीनं वेडापिसा. तेवढ्यात सो राजा, तेवढ्यात दोघांचं फाटतं, तेवढ्यात ती चौदाव्या राजपुत्राशी लग्न करून निघून जाते. ती मरायला टेकलीय आणि सोला पत्रांवर पत्रं पाठवतेय. तो उघडत नाही. का? तर तिचं अक्षर सोसारखंच, म्हणून चौदाव्यानं पाकिटावर स्वतःच्या अक्षरात लिहून पाठवलं, आणि सोला वाटलं पत्रं भावाचीच आहेत. अख्ख्या देशाचा राजा, हेर पदरी, आणि घात कशानं झाला तर पाकिटानं!

आणि मग ती आजच्या काळात जागी होते, चित्रांच्या प्रदर्शनात रडते, समाप्त. सांगा आता, कुठे रडायचं होतं?

दवबिंदू

मावशी, तुम्ही फारच कोरडेपणानं पाहिलीत बुवा! दहावा राजपुत्र ऊन बाणांनी विंधलेला असताना सोकडे मरण मागतो, तिथे मी टीव्ही बंद करून बाल्कनीत जाऊन उभी राहिले होते. आणि दासी छेर्योंगला सोच्या हुकमावरून फटके मारून मारतात तो प्रसंग? हे सूच्या मनातून सो उतरतो तो तिथे. पाकिटामुळे त्यांचं तुटलेलं नाहीच मुळी.

बाकी व्रणाबद्दल मान्य. माझा भाऊ म्हणाला, “एवढ्यासाठी मुखवटा? मी तर दाढी करताना याहून जास्त कापून घेतो.”

रंगपेटी

छेर्योंगचा मुद्दा पटला. तिथे मलाही चर्रर्र झालं. पण त्यानंतर त्या दोघांना एकमेकांशी नीट भांडू तरी द्यायचं! दोन वाक्यं बोलतात आणि कॅमेरा परत पापण्यांवर. ऊनचं म्हणाल तर तो इतका वेळ खेळण्यांशी खेळणारा बाळ्या दाखवलाय की त्याच्या मरणाचं वजन यायला एक-दोन भाग मोठा तरी होऊ द्यायला हवा होता.

देजॉनकर

कामानिमित्त कोरियात राहतो. २०१६ मध्ये ही एसबीएस वाहिनीवर लागली (२९ ऑगस्ट ते १ नोव्हेंबर, सोम-मंगळ), तेव्हा आमच्या प्रयोगशाळेतली मंडळी त्याच वेळेला दुसऱ्या वाहिनीवर ‘लव्ह इन द मूनलाइट’ बघत होती. तिनं वीस टक्क्यांच्या वर प्रेक्षक खेचले, ही मात्र बराच काळ एक आकडी टक्क्यांत रेंगाळली आणि शेवटच्या भागाला कुठे अकराच्या घरात गेली. परदेशात डोक्यावर घेतली गेली ती नंतर. त्यामुळे रंगपेटीताई, तुमचं मत इथल्या तेव्हाच्या मताच्या फार लांब नाही.

माझी तक्रार वेगळी आहे. वांग सो म्हणजे गोर्योचा चौथा राजा ग्वांगजोंग. यानं ९४९ ते ९७५ राज्य केलं. त्याचा बाप वांग गॉन याला एकोणतीस बायका. हौस म्हणून नव्हे. राज्य जोडायचं तर ठिकठिकाणच्या बलाढ्य घराण्यांशी सोयरीक करणं भाग होतं. म्हणजे प्रत्येक राजपुत्राच्या पाठीशी आजोळचं सैन्य. भावाभावांत रक्त सांडलं ते या आजोळांच्या ओढाताणीतून. मालिकेत मात्र सगळ्याचं मूळ एका आईचा दुस्वास आणि एका मुलीवरचं प्रेम.

ग्वांगजोंगनं ९५६ मध्ये काय केलं? युद्धाच्या धामधुमीत सरदारांनी ज्या स्वतंत्र माणसांना गुलाम करून ठेवलं होतं, त्यांची तपासणी करून त्यांना मोकळं करायचा कायदा काढला. सरदारांची शेती आणि फौज दोन्ही त्याच गुलामांवर. त्याची राणी देमोक, म्हणजे मालिकेतली ती धूर्त योनह्वा, हिनं या कायद्याला विरोध केल्याची नोंद आहे, आणि राजानं तिचं ऐकलं नाही. आता बघा : आजच्या काळातली एक मुलगी राजाच्या कानाशी लागलेली आहे, गुलामगिरी वाईट हे ती शाळेत शिकून आलीय, समोर राणी विरोधात उभी आहे. नाटक आयतं ताटात वाढलेलं होतं! दोन वर्षांनी, ९५८ मध्ये, चीनमधून आलेल्या श्वांग जीच्या सल्ल्यानं अधिकारी निवडायला लेखी परीक्षा सुरू केली. तेही गेलं. नायिकेच्या भविष्यज्ञानाचा उपयोग काय, तर साबण आणि लेप.

खऱ्या इतिहासातला वांग वूक तर आणखी मजेशीर. तो स्वतः गादीवर आला नाही, पण त्याचा मुलगा पुढे सोंगजोंग म्हणून सहावा राजा झाला. मालिकेत हरलेला आठवा, शेवटी त्याच्याच घरात राज्य. यावर एक ओळ टाकली असती तरी अंगावर काटा आला असता.

जाता जाता : हे सगळं घडलं त्या गेग्योंगचं, म्हणजे गोर्योच्या राजधानीचं, आजचं नाव केसोंग, आणि ते उत्तर कोरियात आहे. राजवाड्याचे अवशेष तिथेच आहेत. त्यामुळे पडद्यावर दिसतो तो वाडा सेटवरचा.

चकली_भाजणी

मूळ कादंबरी चिनी आहे, थोंग ह्वा या लेखिकेची. तिच्यावर २०११ मध्ये चिनी मालिका आली, पस्तीस भागांची, चीनच्या छिंग घराण्यातल्या खांग्शी बादशहाच्या दरबारातली. ती बघितली असेल तर कोरियन कुठे घसरली ते लगेच कळतं. तिथल्या नायिकेला इतिहास चांगला पाठ आहे. चौथा गादीवर येणार, आठवा संपणार, हे ठाऊक असूनही ती आठव्यावर प्रेम करते, त्याला वाचवायला जाते आणि तिच्या धडपडीनंच गाठ आणखी आवळते. कोरियन हे सूला असं काहीतरी पुसट आठवतं, की ग्वांगजोंग नावाचा एक क्रूर राजा होता. मध्येच कळतं की तो हाच. मग घाबरते, मग रडते, मग परत प्रेमात. तिच्या हातून काही घडतच नाही, म्हणून रंगपेटीताईंना पाकीट खुपलं.

पस्तीस भागांचा ऐवज वीस भागांत बसवायचा तर कात्री लागणारच, हे खरं. पण ती दरबारावर चालवायची की बागेतल्या फेरफटक्यांवर?

दवबिंदू

चकलीताई, पण चिनी मालिकेत ली जुन-गी नाही ना!

चकली_भाजणी

हा मुद्दा मात्र बिनतोड.

रंगपेटी

देजॉनकर, राणीच्या विरोधाची गोष्ट वाचून आता दुप्पट चिडले. ती योनह्वा अख्ख्या मालिकेत भुवई वर करून कोपऱ्यात उभी आहे. तिच्या तोंडी हा एक वाद दिला असता तरी ती नटी काय चमकली असती! आमच्या एकांकिकांतसुद्धा लेखक खलनायिकेला एक तरी असा प्रसंग देतो जिथे तिचं म्हणणं क्षणभर खरं वाटतं.

अभिनयाबद्दल : हे सू झालेल्या आयूला सुरुवातीला इतकं डोळे वटारून, तोंड उघडं टाकून वावरायला का लावलं असेल? दासींची प्रमुख ओ तिच्याऐवजी फाशी जाते, तिथून पुढे मात्र बाई बदलते. पावसात भिजत दगडांवर गुडघे टेकून बसते, तिथे तिच्या चेहऱ्यावर रंगभूषा जवळपास नाहीच, आणि म्हणूनच तो चेहरा लक्षात राहतो. गाणी उत्तम आहेत, हे भाचीच्या समाधानासाठी लिहून ठेवते. कपडेही छान, फक्त सगळे कालच इस्त्री करून आणल्यासारखे.

आणखी एक. भाची म्हणते मी “चुकीची प्रत” पाहिली. असं काही असतं का?

देजॉनकर

असतं. चित्रीकरण प्रक्षेपणाआधीच पूर्ण झालं होतं, अमेरिकन एनबीसी-युनिव्हर्सलचा पैसाही त्यात होता. एसबीएससाठी आणि परदेशासाठी संकलन थोडं वेगळं केलं गेलं. काही प्रसंग इकडे लांब, काही तिकडे, पार्श्वसंगीतातही फरक. पण राजे दोन्हीकडे तितक्याच घाईनं मरतात, आणि पाकीटही तेच. परत बघू नका.

रंगपेटी

नाहीच बघत. भाचीनं आता पुढची यादी पाठवलीय, तिच्यात गोर्योनंतरच्या जोसोन काळातल्या सहा मालिका आहेत. ज्यात राजा मरायला निदान दोन भाग घेतो अशी एखादी असेल तर सांगा, आणि शक्यतो मुखवटा नको.