काझुओ मात्सुईला ‘फ्लॉप’ म्हणणं बरोबर आहे का?

निशाचर_पुणे
मंडळी, परवा एका मित्राशी जोरदार वाद झाला, त्याचं म्हणणं बेसबॉलमधले जपानी इन्फिल्डर, म्हणजे बेसच्या आसपास फिल्डिंग करणारे, अमेरिकेत चालतच नाहीत आणि त्याने पहिलं नाव घेतलं ते काझुओ मात्सुईचं. “मेट्सने दोन कोटी डॉलर पाण्यात घातले” असं सरळ म्हणाला (मेट्स म्हणजे न्यूयॉर्कची टीम, मात्सुई २००४ ला तिथे गेला). मला ते फार लागलं म्हणून इथे लिहितोय. (न्यूयॉर्कच्याच दुसऱ्या टीमचा, यांकीजचा, हिदेकी मात्सुई वेगळा, दोघांची गल्लत नको.)

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, हा ओसाकाकडचा मुलगा, जन्म १९७५, पीएल गाकुएन शाळेकडून खेळायचा तेव्हा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, होता. सेइबू लायन्स या जपानी प्रो टीमने १९९३ च्या ड्राफ्टमध्ये (नव्या खेळाडूंच्या निवडीत) घेतला आणि शॉर्टस्टॉप बनवला, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधली जागा, इन्फिल्डमधली सगळ्यात अवघड. डाव्या हाताने बॅटिंग तर तो प्रो झाल्यावर शिकला! आणि तिथून २००२ मध्ये .३३२ ॲव्हरेज (हजारात ३३२ हिट्स), ३६ होमरन, ३३ बेस चोरले (पिचर बॉल टाकताना पळून पुढचा बेस गाठला). सलग १,१४३ मॅचेस एकही न चुकवता खेळला. १९९८ चा पॅसिफिक लीगचा (जपानच्या दोन लीगपैकी एक) एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू. अशा माणसाला अमेरिकेतल्या दोन-अडीच वर्षांवरून फ्लॉप म्हणायचं? मला पटत नाही.

एडिसनकर
मी २००४ ला न्यू जर्सीत नवीन होतो, ऑफिसातल्या लोकांबरोबर पेन स्टेशनला उतरून ७ नंबरची ट्रेन पकडून मेट्सच्या शे स्टेडियमला जायचो, तेव्हा हे सगळं डोळ्यांनी बघितलंय. सुरुवात कशी झाली होती, ६ एप्रिल, अटलांटा, मेजर लीगमधला (अमेरिकेतलं सगळ्यात वरचं बेसबॉल) त्याला टाकलेला पहिलाच बॉल आणि थेट होमरन. आम्हाला वाटलं आता बघायलाच नको. आणि मग ग्राउंडर (जमिनीवरून येणारे बॉल) सुटायला लागले, थ्रो फर्स्ट बेसच्या डोक्यावरून. ११४ मॅचेसमध्ये वीसच्या वर एरर, म्हणजे फिल्डिंगच्या चुका! लोक घरच्या मैदानात हूटिंग करायचे.

पण माझा मुद्दा एरर पण नाही. त्याच्यासाठी मेट्सने होजे रेयेसला, स्वतःच्या घरात तयार झालेल्या पोराला, शॉर्टस्टॉपवरून उचलून सेकंड बेसवर टाकलं. रेयेस त्या वर्षी बराचसा जखमीच राहिला. २००५ ला त्याला परत शॉर्टला आणलं आणि त्याने मेट्सच्या नॅशनल लीगमध्ये सगळ्यात जास्त बेस चोरले. म्हणजे एक अख्खं वर्ष वाया. ज्या कामासाठी पैसे मोजले ते काम झालं नाही, त्याला दुसरा शब्द काय वापरायचा? जपानमध्ये तो मोठा होता, मान्य, पूर्ण मान्य. प्रश्न मेट्सचा आहे.

सैतामा_मुक्काम
एडिसनकर, तुम्ही जे बघितलं ते खरंच आहे पण ते का झालं ते पण बघा ना. मी सेइबूच्या स्टेडियमपासून ट्रेनने वीस मिनिटांवर राहतो. तिथे कृत्रिम टर्फ आहे. त्याच्यावर बॉल जोरात येतो पण टप्पा खरा पडतो, तुम्ही जागेवर उभं राहून, नीट शरीर आड घालून, दोन्ही हातांनी घेऊ शकता, आणि बॉल लवकर आल्यामुळे थ्रोला वेळ मिळतो. लहानपणापासून हेच शिकवतात, बॉल समोर घ्या, दोन हात, पाय जुळवा, मग फेका. अमेरिकेत बहुतेक ठिकाणी खरं गवत. गवतात बॉल मंदावतो, मग तुम्हालाच पुढे धावत जाऊन उचलावा लागतो, कधी उलट्या हाताने, आणि पळता पळता खांदा न वळवता फेकावा लागतो. दहा वर्षं एक सवय अंगात मुरवली आणि २८ व्या वर्षी सांगितलं की आता ती विसर. हे सोपं नाही हो.

जपानमध्ये त्याला शॉर्टस्टॉपचा गोल्डन ग्लव्ह (उत्तम फिल्डिंगचा पुरस्कार) चार वेळा मिळालाय, उगाच नाही दिला कोणी.

एडिसनकर
टर्फचं कारण मी खूप वेळा ऐकलंय. पण मग कोशिएनचं, शाळांची मोठी स्पर्धा होते त्या मैदानाचं, काय? त्या मैदानाचं इन्फिल्ड तर पूर्ण मातीचं आहे, सगळी जपानी पोरं मातीवरच मोठी होतात.

सैतामा_मुक्काम
बरोबर, माती. पण ती माती कशी ठेवतात ते बघा, दर थोड्या वेळाने ओढून सपाट करतात. टप्पा तिथेही बऱ्यापैकी सरळ येतो. माझा मुद्दा खराब टप्प्याचा नाहीये, मंद बॉलचा आहे. गवताने वेग खाल्ला की धावणाऱ्याला एक पाऊल जास्त मिळतं आणि तेवढ्यासाठी तुमचा थ्रो कमी पडतो.

निशाचर_पुणे
आणि दोघांनी कोलोरॅडो सोडूनच दिलं! जून २००६ ला मेट्सने त्याला रॉकीजला दिला. २००७ ला .२८८, ३२ बेस चोरले, शेवटच्या टप्प्यात रॉकीजने १५ पैकी १४ मॅच जिंकून प्लेऑफ गाठली, आणि फिलाडेल्फियाविरुद्ध दुसऱ्या मॅचमध्ये यानेच ग्रँड स्लॅम (तिन्ही बेस भरलेले असताना होमरन) मारला. टीम वर्ल्ड सिरीजला, म्हणजे फायनलला गेली. फिल्डिंगबद्दल बोलायचं तर त्या वर्षीच्या रॉकीजचं फिल्डिंग पर्सेंटेज तोपर्यंतच्या मेजर लीगमध्ये सगळ्यात वरचं होतं, आणि सेकंड बेसला कोण होता? हाच. आणि रॉकीजच्या डेन्व्हरमधल्या कूर्स फिल्डवर खरं गवत आहे. मग गवतावर खेळता येत नाही हे कसं म्हणणार?

एडिसनकर
निशाचर, सेकंड बेसवरून फर्स्ट बेसला थ्रो केवढासा असतो! शॉर्टवरून तो केवढा लांब असतो! तुमचं उदाहरण माझीच बाजू पक्की करतंय, तो चांगला सेकंड बेसमन होता, शॉर्टस्टॉप नव्हता. आणि डेन्व्हरच्या उंचीवर हवा विरळ, बॅटिंगचे आकडे तिथे सगळ्यांचेच फुगतात.

मधली_बहीण
मला दोघांचं वाचून एक सांगावंसं वाटतं. मात्सुई अमेरिकेत जाणारा पहिला जपानी इन्फिल्डर होता. त्याच्या आधी पिचर गेले, इचिरोसारखे आउटफिल्डर गेले, पण इन्फिल्डर कोणी नाही. त्यामुळे त्याचा प्रत्येक एरर त्याचा एकट्याचा राहिलाच नाही, तो “जपानी इन्फिल्डर” नावावर जमा झाला. नंतर २००५ ला इगुची आला, तो थेट सेकंड बेसवर, आणि व्हाइट सॉक्सबरोबर पहिल्याच वर्षी वर्ल्ड सिरीज जिंकला. इवामुरा टॅम्पाला गेला, थर्ड बेसवरून दुसऱ्याच वर्षी सेकंडला सरकवला. निशिओकाचा तर २०११ मध्ये पहिल्याच आठवड्यात धावणाऱ्याने स्लाइड करून पाय मोडला, आणि मग परत म्हणणारे मोकळे की बघा, जपानी इन्फिल्डर टिकत नाहीत. पाय मोडण्याचा आणि टर्फचा काय संबंध, सांगा मला.

म्हणून मला फ्लॉप शब्दाचा राग येतो. एका माणसाच्या एका वर्षाचा शिक्का मागून येणाऱ्या सगळ्यांवर बसतो.

एडिसनकर
ताई, हा मुद्दा मला पटला. शिक्का चुकीचा. पण करार चुकीचा होता यावर मी ठाम आहे, आणि त्यात मात्सुईपेक्षा मेट्सचा दोष जास्त, हेही लिहून टाकतो. आणि एक गोष्ट त्याच्या बाजूने, २००४ च्या शेवटी शॉर्टस्टॉप सोडून सेकंडला जा म्हटल्यावर त्याने काही तमाशा केला नाही, गेला. जपानमध्ये सात वर्षं सलग बेस्ट नाइनमध्ये (लीगच्या वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूंमध्ये) असलेला माणूस, त्याच्यासाठी ते किती जड असेल.

सैतामा_मुक्काम
त्याच्या पुढची गोष्ट पण सांगायला हवी. २०११ ला तो राकुतेन टीमला, म्हणजे जपानमध्ये सेंदाईला आला, आणि सीझन सुरू व्हायच्या आधीच ११ मार्चचा भूकंप आणि त्सुनामी. राकुतेनच्या स्टेडियमचं पण नुकसान झालं, घरची पहिली मॅच एप्रिलच्या शेवटी झाली. तो तिथेच राहिला. २०१३ ला त्याच राकुतेनने योमिउरी जायंट्सला सातव्या मॅचमध्ये हरवून जपान सिरीज (तिथली फायनल) जिंकली, पिचर तानाकाचं ते २४ विजय, शून्य पराभव वालं वर्ष. सगळे तानाकाबद्दलच बोलतात, पण त्या टीममध्ये ३८ वर्षांचा मात्सुई शॉर्टस्टॉपवर होता. एडिसनकर, शॉर्टस्टॉपवर.

२०१८ ला शेवटी परत सेइबूला आला, त्या वर्षी टीमने लीग जिंकली आणि तो थांबला. दोन्ही देश मिळून २,७०५ हिट्स.

एडिसनकर
३८ व्या वर्षी शॉर्टला? हे मला माहीत नव्हतं. पण सेइबूचा मॅनेजर म्हणून २०२४ ला मे महिन्यातच त्याला जावं लागलं ना, १५ विजय ३० पराभव?

सैतामा_मुक्काम
हो, तेही खरं. त्या वर्षी सेइबू एकूण ९१ मॅच हरली, म्हणजे तो गेल्यावरही काही सुधारलं नाही, टीमला बॅटिंगच नव्हती. मी मे मध्ये एका मॅचला गेलो होतो, स्टँड अर्धे रिकामे, आणि माझ्या पुढच्या रांगेतल्या आजोबांच्या अंगात जुनी ७ नंबरची मात्सुईची जर्सी होती, नववी इनिंग संपेपर्यंत ते उठले नाहीत.