मोडीचा कित्ता फुकट ठेवू का? सल्ला हवा

बोरूवाली:
साताऱ्यात अकरा वर्षं रविवारी घरीच मोडी लिपीचा वर्ग घेते. हॉलमध्ये सतरंजी, दहा रविवार, दीड हजार फी. वर्गासाठी लिहिता लिहिता १४० पानांचा कित्ता झालाय. आधी रेघ ओढून घ्यायची आणि तिच्याखाली हात न उचलता लिहीत जायचं, इथपासून सुरुवात. मग आंग्लकालीन सोपं वळण, शेवटी पेशवेकालीन पत्रं. सगळं बोरूने लिहिलेलं. युनिकोडमध्ये मोडी २०१४ साली आली खरी, पण फाँटमधली अक्षरं शहाण्या मुलांसारखी सुटी सुटी बसतात, लपेट शिकवायला हातच लागतो.

मुलगी म्हणते, "आई, स्कॅन करून ऑनलाइन फुकट टाक, नाहीतर ट्रंकेत वाळवी खाईल." नवरा म्हणतो, "टाकच. मग रविवारी हॉलमध्ये मी मॅच बघीन."

२०२३ मध्ये जुन्या मोडी कागदांत कुणबी नोंदींची शोधाशोध सुरू झाली तेव्हापासून बीड-परभणीकडून फोन येतात. ती माणसं दर रविवारी साताऱ्याला कशी येणार? त्यांच्यासाठी टाकावंसं वाटतं. पण मागे एका विद्यार्थ्याला वीस पानं व्हॉट्सअ‍ॅपवर दिली होती. ती वर्षभराने फिरत फिरत माझ्याकडेच आली. वर कुठल्यातरी क्लासचा शिक्का, खाली ठसठशीत "कॉपी करू नये"! अक्षर माझं, चहाचा डागसुद्धा माझा.

फुकट ठेवलं तर वर्ग बसेल का? आणि अशा शिक्केवाल्यांचं काय करायचं?

खमस_सबैन:
ताई, मी पानामागे पैसे घेऊन खरेदीखतं वाचतो, म्हणजे माझंही पोट यावरच. वर्ग बसायचा नाही. फुकट पीडीएफ उतरवून घेणारे शंभर असतील, तर पाचव्या पानापुढे गिरवणारे चार. ते चारही शेवटी विचारायला येतात, कारण मोडीत ऱ्हस्व-दीर्घ नाही, शब्द तोडलेले नाहीत, आणि कुठे तोडायचं ते पुस्तक सांगत नाही.

माझे हात पोळले ते वेगळ्याच ठिकाणी. जुन्या कागदांवरच्या फसली नि सुहूर या सनांवरून इसवी सन काढायचा एक तक्ता करून मी फुकट वाटला होता. फसलीत ५९० मिळवायचे आणि सुहूर सनात ५९९, हे मला पाठ. तरी घाईत दोन्ही रकान्यांत ५९० पडलं. आठवड्याने लक्षात आलं, सुधारून पुन्हा टाकलं. पण लोक पहिलाच पुढे ढकलत राहिले. दोन वर्षांनी एक गृहस्थ कागद घेऊन आले, "सन खमस सबैन मया व अलफ". हे अरबी आकडे: पाच, सत्तर, शंभर आणि हजार. म्हणजे सुहूर सन ११७५, म्हणजे इसवी १७७४-७५. त्यांनी माझ्याच तक्त्यावरून १७६५ काढलेलं! कागद सरळ थोरल्या माधवरावांच्या हयातीत जाऊन बसलेला. वर मलाच म्हणतात, "तक्त्यात तसं आहे हो." वर्गात चूक झाली तर पुढच्या रविवारी दुरुस्त होते. फिरायला लागलेल्या तक्त्याच्या मागे कुठवर धावणार?

टाका, पण प्रत्येक पानावर तारीख घाला आणि ताजी प्रत कुठे मिळेल तेही.

परभणीकर:
काकू, फोन करणाऱ्यांतला मीही एक असेन. मोबाईलवर मिळेल ते फुकट बघून शिकलो. मुळाक्षरं जमली, पण आजोबांच्या कागदाच्या दोन ओळी लागल्या आणि तिसरीला अडलो ते आजपर्यंत. मिळतं ते निम्मं धुरकट, निम्मं कुणाचं कुणी लिहिलेलं कळत नाही. फुकट नसलं तरी चालेल. शंभर रुपये ठेवा, पण तपासलेलं द्या. झेरॉक्सवाल्याला मी त्याहून जास्त दिलेत.

टीपकागद:
शिक्केवाल्यांबद्दल. नोंदणी केलेली नसली तरी तुमच्या कित्त्यावर नि टिपांवर तुमचाच हक्क आहे. फुकट ठेवलं म्हणजे तो सोडला असं होत नाही. क्रिएटिव्ह कॉमन्सचा "श्रेयनिर्देश, अव्यावसायिक" परवाना लावला तर नाव ठेवून कुणीही वाटेल, विकता येणार नाही. दोन गोष्टी मात्र आधी बघा. विकिमीडिया कॉमन्सवर, म्हणजे विकिपीडियाच्या चित्रांच्या मोफत साठ्यावर, चढवायचं मनात असेल तर अव्यावसायिक अट तिथे चालत नाही, विकायची मोकळीकही द्यावी लागते. आणि एकदा दिलेला परवाना मागे घेता येत नाही. चोर परवाना वाचून चोरत नाही हे मान्यच, पण भांडायला कागद तरी हातात असतो.

शेवटचे नमुने कुठून घेतलेत? दफ्तरखान्यातले की कुणाच्या घरचे?

बोरूवाली:
टीपकागद, प्रश्न बरोबर नस पकडून विचारलात. शेवटची तीस पानं विद्यार्थ्यांच्या घरची आहेत. वाटणीपत्रं, गहाणखतं, एक तर भावाभावांतलं फारच झोंबणारं पत्र. वर्गात दाखवायला त्यांनी दिली. जगाला दाखवायला दिली होती का, हे मी कधी विचारलंच नाही. गावं नि आडनावं आजही तीच, आणि त्यातल्या एका जमिनीवर अजून वाद चालू आहे.

ती तीस बाहेर. उरलेली ११० फुकट ठेवते, अव्यावसायिक परवान्याने. विकिमीडियाचं नंतर बघू. शंभर रुपये लावून हिशेब ठेवायचा मला कंटाळा आहे, खरं कारण तेवढंच. सनाचं पान आधी खमस_सबैन यांच्याकडे तपासायला धाडते, तुमच्याइतका ५९९ कुणालाच पाठ नसेल! वर्ग चालूच, त्यामुळे मॅच आतल्या खोलीत.

परभणीकर, ती तिसरी ओळ मला व्यक्तिगत निरोपात पाठवा. नावं झाकून फोटो काढा, आणि उजेड खिडकीचा घ्या, फ्लॅश नको.